उकरलेले अंगण

मराठीत जमीन फोडण्याच्या क्रियेला एकच शब्द नाही. माणूस कुदळीने खणतो, घराचा पाया खोदला जातो, शेत नांगरले जाते. नखांनी माती मागे लोटण्याच्या क्रियेसाठी मात्र भाषेने 'उकरणे' हा शब्द राखून ठेवला आहे, आणि त्याच्या पोटात उकिरड्यावरची कोंबडीही येते व बागेतला कुत्राही येतो. जुने भांडण उकरून काढले असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा वरून न दिसणारे काहीतरी खाली पुरलेले आहे आणि उकरणाऱ्याला त्याचा ठावठिकाणा माहीत आहे, हे गृहीत धरलेले असते. कुत्र्याच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्याचदा अक्षरशः खरे ठरते, आणि अंगणाची नासधूस थांबवू पाहणाऱ्या माणसाने विचाराला सुरुवात तिथूनच केलेली बरी.

बंगल्याच्या आवारात हौसेने लावलेली हिरवळ, कुंडीतून नुकतीच वाफ्यात हलवलेली गुलाबाची रोपे, किंवा सिंधुदुर्गात ज्याला खळे म्हणतात ते, पावसाळा सरल्यावर माती टाकून, चोपून आणि शेणाने सारवून तयार केलेले घरापुढचे अंगण, यांपैकी काहीही एका रात्रीत विस्कटलेले दिसले की घरातल्यांचा पहिला निष्कर्ष कुत्रा बिघडला असा असतो आणि दुसरा, वाकड्या शेपटाची म्हण आठवून, तो आता काही सुधारत नाही असा. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. उकरणे या एका नावाखाली कुत्र्याची किमान सहा-सात निरनिराळी कामे मोडतात, त्यांची कारणे एकमेकांशी संबंधित नसतात, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणाला लागू पडत नाही. उलट काही वेळा तो ते कारण अधिकच चिघळवतो. कारण ओळखण्याचे साधन मात्र प्रत्येकाच्या समोर उघडे पडलेले असते, ते म्हणजे खुद्द खड्डा. त्याची जागा, त्याचा आकार, तो उकरला गेल्याची वेळ आणि ऋतू, एवढ्या गोष्टी नीट पाहिल्या तर शिक्षा किंवा उपाय यांचा विचार करण्यापूर्वीच बहुतेक निदान झालेले असते.

कुत्रा करड्या लांडग्याच्या कुळातला आहे आणि त्याचा माणसाशी संबंध फार जुना आहे. जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासल येथे १९१४ साली दोन माणसांच्या सांगाड्यांसोबत मिळालेले कुत्र्याचे अवशेष सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. एवढ्या काळात त्याच्या अन्नाची आणि निवाऱ्याची जबाबदारी बऱ्याच अंशी माणसाने उचलली असली, तरी अन्न आणि निवारा जमिनीतून मिळवण्याची त्याची हत्यारे आणि उर्मी तशाच राहिल्या. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर आजही लांडग्याची मादी विण्यासाठी मातीत आसरा शोधते आणि खोकड, म्हणजे लहान चणीचा भारतीय कोल्हा, एकाहून अधिक तोंडे असलेली बिळे करून राहते. त्यांच्या आणि घरच्या कुत्र्याच्या पंजात तत्त्वतः फरक नाही. मांजराची नखे म्यानात जावीत तशी आत ओढली जातात आणि त्यामुळे तीक्ष्ण राहतात. कुत्र्याची नखे कायम बाहेर असतात, चालताना जमिनीला घासून बोथट होतात आणि फाडण्यापेक्षा खरवडण्याच्या कामाला अधिक योग्य ठरतात. उकरताना तो पुढचे दोन पंजे आळीपाळीने इतक्या वेगाने चालवतो, की सुटी झालेली माती मागच्या दोन पायांमधून फवाऱ्यासारखी उडते आणि खड्ड्यामागे तिचा पंख्याच्या आकाराचा ढीग पडतो. हा ढीग कोणत्या बाजूला आहे एवढ्यावरूनही कुत्रा कोणीकडे तोंड करून उभा होता, म्हणजेच त्याचे लक्ष कशावर होते, हे कळते.

काही जातींमध्ये ही उर्मी माणसाने मुद्दाम वाढवली, ही गोष्ट कुत्रा विकत घेताना फारशी कोणी सांगत नाही. 'टेरियर' हे नाव ज्या लॅटिन शब्दापासून आले त्या 'टेरा'चा अर्थच जमीन असा आहे. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात कोल्हा आणि बॅजर यांच्या बिळात शिरून त्यांना हुसकावणाऱ्या कुत्र्यांचा वेगळा वर्ग सांगितला आहे. पुण्यामुंबईत ज्याला सरसकट डॅशहंड म्हटले जाते त्या लांबोड्या, बुटक्या कुत्र्याच्या नावाचा जर्मन अर्थही 'बॅजरचा कुत्रा' असाच होतो. त्याचे पाय आखूड असण्यामागे हाडांच्या वाढीशी संबंधित एका जनुकाची जादा प्रत आहे, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. असा कुत्रा बाळगून त्याने मातीला तोंड लावू नये अशी अपेक्षा करणे म्हणजे बदक पाळून अंगणातले डबके कोरडे राहावे असे म्हणण्यासारखे आहे. याउलट मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकातला कारवान हा मोकळ्या रानात नजरेने सशाचा माग धरून धावणारा कुत्रा. त्याची उंच, सडपातळ चण धावण्यासाठी घडलेली आहे. तो उकरतो तेव्हा कारण जातीत शोधण्यापेक्षा परिस्थितीत शोधावे, आणि साध्या गावठी कुत्र्यालाही हेच लागू पडते.

परिस्थितीजन्य कारणांत महाराष्ट्रापुरते पहिले स्थान उन्हाला द्यावे लागेल. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात आणि त्यांचा थंडावा नगण्य असतो, त्यामुळे शरीरातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो प्रामुख्याने जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर अवलंबून राहतो. त्याचे स्वाभाविक तापमानच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे माणसाच्या मानाने तापातले म्हणावे असे असते, आणि ते ४१ अंशांच्या पुढे गेले तर उष्माघाताने जीव धोक्यात येतो. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते तेव्हा धापा टाकून आत घेतली जाणारी हवाही गरम असते, आणि अशा वेळी प्राण्याला हाताशी असलेला एकमेव थंडावा जमिनीच्या पोटात असतो. वरची माती दुपारी भाजत असली तरी वीत-दीड वीत खाली दिवसभराच्या उन्हाची धग फारशी पोहोचत नाही, आणि तिथे ओल असेल तर ती वाफ होताना आणखी उष्णता शोषून घेते. कुत्रा ज्या खड्ड्यात जाऊन पोट टेकतो तो हा खड्डा होय. तो परातीसारखा उथळ आणि पसरट असतो, त्याचा घेर कुत्र्याच्या वेटोळ्या अंगाएवढा असतो, आणि तो नेमका आंब्याच्या सावलीत, पाण्याच्या टाकीच्या भिंतीलगत, नळाच्या गळतीपाशी किंवा रोज पाणी घातल्या जाणाऱ्या तुळशीच्या कट्ट्याजवळ असतो. पोटाकडचे केस विरळ असल्यामुळे थंड मातीचा स्पर्श तिथेच सर्वात जास्त लागतो, म्हणून कुत्रा त्यात कुशीवर न पडता मागचे पाय फाकून पोट टेकतो. हा खड्डा मार्चमध्ये उगवतो आणि पहिल्या पावसात आपोआप बंद पडतो, यावरूनही त्याची खात्री पटते.

अशा खड्ड्यावर ओरडणे व्यर्थ असते, कारण कुत्र्याने त्याच्या परीने अतिशय शहाणपणाचे काम केलेले असते. त्याला दुपारी घरात फरशीवर जागा देणे, सावलीत पाण्याने भिजवलेले गोणपाट अंथरणे, लहान मुलांच्या पोहण्याचा प्लास्टिकचा उथळ हौद चार बोटे पाणी भरून ठेवणे, आणि पाण्याचे भांडे दिवसातून तीन-चार वेळा बदलणे, एवढ्यानेच हे उकरणे बहुधा थांबते. दाट केसांचा हस्की किंवा चपट्या नाकाचा पग पाळणाऱ्यांनी तर खड्डा ही तक्रार न मानता सूचना मानावी, कारण या कुत्र्यांना उष्णता इतरांपेक्षा लवकर बाधते.

हिरवळीत मुठीएवढ्या आकाराचे, जवळजवळ पडलेले, बोटभर खोलीचे अनेक खड्डे दिसले तर गोष्ट पूर्णपणे वेगळी असते. कुत्र्याच्या नाकातल्या गंधग्राही पेशींची संख्या जातीनुसार सुमारे साडेबारा कोटींपासून ३० कोटींपर्यंत सांगितली जाते, तर माणसाच्या नाकात त्या जेमतेम ५०-६० लाख असतात. शिवाय माणसाला २० हजार हर्ट्झपलीकडचा आवाज ऐकू येत नाही, पण कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक वारंवारतेचे आवाज ऐकू येतात, आणि उंदीरवर्गीय प्राणी एकमेकांशी ज्या अतिसूक्ष्म चिरचिरीने बोलतात तीही काही अंशी त्यात मोडते. अशा प्राण्याला जमिनीखाली काय चालले आहे हे जवळजवळ उघड्यावर दिसल्यासारखे असते. वळवाच्या आणि मृगाच्या सरींनंतर कडुनिंब, बाभूळ यांच्या पाल्यावर जमणारे भुंगे जमिनीत अंडी घालतात, त्यातून निघालेली पांढुरकी, इंग्रजी 'सी'सारखी वाकलेली हुमणी पावसाळाभर मुळे कुरतडत वाढते, आणि कुत्र्याला ती खाद्य म्हणून आवडते. हिरवळीचे पिवळे पडणारे पट्टे आणि कुत्र्याचे खड्डे एकाच जागी असतील तर झाडांचे नुकसान कुत्र्याच्या आधी किडीने सुरू केलेले असते; मातीचा एखादा चौकोनी तुकडा उलटून पाहिला की शंका फिटते. याउलट एका रेषेत पुढे सरकत गेलेला, चरासारखा लांब खड्डा असेल, त्याच्या टोकाशी कुत्रा मान तिरकी करून, कान पुढे रोखून स्तब्ध उभा राहत असेल आणि मग एकदम नाक खुपसत असेल, तर तो उंदराच्या किंवा घुशीच्या बिळाचा माग आहे असे समजावे.

कारण खाली जिवंत असेल तर उपाय कुत्र्यावर करायचा नसतो, त्या जीवावर करायचा असतो. पण तो करताना कुत्र्याचाच बळी जाऊ नये याचे भान फार थोड्यांना असते. घुशींसाठी ठेवल्या जाणाऱ्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात, त्याची लक्षणे दोन ते पाच दिवसांनी दिसतात, आणि तोवर विष खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याने उकरून खाल्ला हे घरच्यांना आठवतही नसते. या विषावर जीवनसत्त्व 'के-१' हा उतारा पशुवैद्याकडे असतो, मात्र काळ्या पुडीच्या रूपात मिळणाऱ्या झिंक फॉस्फाइडवर तसा नेमका उतारा नाही. पिंजरा लावणे, बिळांची तोंडे दगडाने चेचून बंद करणे आणि उघड्यावर टाकलेले शिळे अन्न थांबवणे, ही जुनी पद्धत कुत्रा असलेल्या घरात अधिक योग्य ठरते. बिळात हात घालणाऱ्या माणसाप्रमाणेच नाक घालणाऱ्या कुत्र्यालाही घोणस, नाग, आणि कोकणाच्या जांभ्या पट्ट्यात फुरसे भेटू शकते, हाही घुशींचा बंदोबस्त लवकर करण्याचा एक हिशोब आहे.

नव्याने लावलेली रोपेच नेमकी उपटली जातात, ही तक्रार बागकामाची आवड असलेल्या घरांत हमखास ऐकू येते, आणि तिचे खापर कुत्र्याच्या खोडसाळपणावर फोडले जाते. प्रत्यक्षात त्या जागी माती भुसभुशीत झालेली असते, तिला घरातल्या माणसाच्या हातांचा ताजा वास असतो, आणि मुळाशी बहुधा बोनमील, म्हणजे हाडांची पूड, नाहीतर पेंड घातलेली असते. मांसाहारी प्राण्याच्या दारात हाडाची पूड पुरायची आणि त्याने ती उकरू नये असे म्हणायचे, यात दोष नक्की कोणाचा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बोनमील मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर त्याचा घट्ट गोळा होऊन आतडी अडू शकतात. त्याहून गंभीर धोका एरंडीच्या पेंडीचा. एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचे अत्यंत जहाल प्रथिन असते, ते तेलात उतरत नाही, चोथ्यात राहते, आणि पेंड पुरेशी तापवून निर्विष केलेली नसेल तर ते खतासोबत थेट वाफ्यात येते. पेंडीचा खमंग वास कुत्र्यांना ओढून घेतो. काही तासांनी, क्वचित दिवसभराने, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि रिसिनवर कोणताही उतारा नाही, फक्त लवकर केलेले उपचार आहेत. घरात कुत्रा असेल तर एरंडीची पेंड आवारात आणूच नये, इतके हे सरळ आहे. निंबोळी पेंड, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत यांवर बाग उत्तम चालते. फोरेट हे हुमणीसाठी मातीत मिसळले जाणारे दाणेदार कीटकनाशक भारतात २०२० च्या अखेरीपासून बंद झाले असले तरी जुन्या डब्यांतून ते अजून एखाद्या माळ्याच्या खोलीत पडलेले असू शकते, तेव्हा तिथेही एकदा नजर टाकावी.

हाड, चपाती किंवा चप्पल पुरून ठेवणारा कुत्रा साठवण करत असतो. एका जागी मोठे कोठार न करता थोडे थोडे अन्न निरनिराळ्या ठिकाणी लपवण्याची ही रीत कोल्ह्यांमध्ये फार वाढलेली दिसते. असा खड्डा अरुंद असतो, आणि तो पंजांनी न बुजवता नाकाच्या शेंड्याने माती ढकलून बुजवलेला असतो. कुत्र्याच्या नाकावर ओल्या मातीचा टिळा दिसला की घरातली एखादी वस्तू शोधायला निघावे. जे लगेच खाऊन संपणार नाही ते देऊ नये आणि चघळायचे हाड घरातच द्यावे, याहून जास्त या प्रकारात करण्यासारखे काही नाही.

मादीच्या उकरण्याकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागते. गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा असतो आणि शेवटच्या दिवसांत ती जिन्याखाली, भिंतीच्या कडेला किंवा लाकडांच्या ढिगामागे खोल, आत वळलेला, बोगद्यासारखा खड्डा करू लागते. गर्भ नसतानाही माजानंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी संप्रेरकांच्या चढउतारामुळे अशीच लक्षणे दिसतात. स्तन भरतात, एखादे खेळणे पिल्लासारखे तोंडात घेऊन ती फिरते, जागा उकरते, आणि या अवस्थेला खोटी गर्भावस्था म्हणतात. ती बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत ओसरते, लांबली तर पशुवैद्याला दाखवावे. रस्त्यावरच्या माद्या वसाहतींच्या आवारात येऊन का वितात याबद्दल गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत बराच संताप व्यक्त होतो. कोलकात्याजवळच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी यांनी भटक्या कुत्र्यांच्या विणीच्या जागांचा अभ्यास केला तेव्हा या माद्या माणसांची वर्दळ टाळत नाहीत, उलट वस्तीच्या जवळची जागा पसंत करतात, असे आढळले. पिल्ले हिंडू-फिरू लागली की ती जागा आपोआप सुटते, आणि मग ती दगडमातीने भरून घ्यावी.

फाटकाखाली किंवा कुंपणाच्या रेषेत उकरलेला खड्डा पळून जाण्यासाठी असतो, आणि येथे प्रश्न कुत्रा कुठून निघू पाहतो यापेक्षा कशापासून किंवा कशाकडे निघू पाहतो हा असतो. खच्ची न केलेल्या नराला आळीतल्या माजावर आलेल्या मादीचा वास लागलेला असू शकतो आणि अशा भटकण्याला शस्त्रक्रियेने बराच आळा बसतो. दिवाळीतले फटाके किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढणढणाट ऐकून भेदरलेला कुत्रा मिळेल तिथे नखे घालतो आणि ती रक्ताळली तरी थांबत नाही. त्याला त्या रात्री घरातल्या आतल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, माणसाच्या सोबतीत ठेवणे हाच उपाय. घरचे बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच उकरणे, भुंकणे, दार खरवडणे सुरू होत असेल तर ती एकटेपणाची भीती असते. फाटकासमोर जुना मोबाइल उभा करून चित्रीकरण केले तर वेळ नेमकी कळते, आणि मग दोन मिनिटे, पाच मिनिटे, पंधरा मिनिटे अशा चढत्या क्रमाने त्याला एकटे राहण्याची सवय लावावी लागते. ते काम आठवड्यांचे आहे. या कशातच न बसणारे, आवारभर विखुरलेले, कुठेही सुरू होऊन कुठेही सोडून दिलेले खड्डे, आणि सोबत चावून चिंध्या केलेली पाण्याची नळी, हे सारे कंटाळ्याचे असते. वर्षा-दीड वर्षाचा लॅब्राडोर दिवसभर आवारात सोडून दिला म्हणजे त्याला व्यायाम झाला, असे समजणाऱ्यांच्या घरी ते हमखास आढळतात. आवार कितीही मोठे असले तरी तिथले वास त्याला पाठ झालेले असतात. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास बाहेर, दोर सैल सोडून, हवे तिथे हुंगू देत फिरवणे त्याला जेवढे थकवते तेवढे अंगणातले दहा तास थकवत नाहीत.

शौचानंतर मागच्या पायांनी माती उडवणे हा प्रकार या यादीतून वगळावा. तो विष्ठा झाकण्यासाठी असतो असा समज मांजरावरून आलेला आहे. कुत्रा त्यातून पंजांचा वास आणि ओरखड्याची खूण जागेवर सोडत असतो, आणि त्याने हिरवळीला पडलेले दोन-चार ओरखडे सोडून देण्यासारखे असतात.

आता शिक्षेबद्दल. संध्याकाळी घरी आल्यावर कुत्र्याला मानेला धरून खड्ड्यापाशी नेणे, त्याचे नाक मातीत दाबणे आणि दटावणे, ही पद्धत घराघरांत चालते, आणि त्या वेळी कुत्रा कान पाडून, नजर चुकवून बसतो म्हणून त्याला आपली चूक कळली असे मानले जाते. अमेरिकेतील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ पाळीव कुत्र्यांच्या बाबतीत हीच समजूत तपासली. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला होता की नव्हता, यापेक्षा मालक रागावला होता की नव्हता, यावर ती अपराधी मुद्रा अवलंबून असल्याचे त्यात दिसले; काहीही न केलेल्या कुत्र्यांनीही दटावल्यावर तशीच मुद्रा केली. थोडक्यात, कुत्रा माणसाचा चेहरा वाचत असतो, स्वतःचा गुन्हा आठवत नसतो. कृती आणि तिचा परिणाम यांची सांगड प्राण्याच्या मनात दोन्ही काही क्षणांच्या अंतराने घडले तरच बसते, ही शिकण्याच्या शास्त्रातली जुनी गोष्ट आहे, आणि चार तासांनंतरच्या दटावणीतून कुत्र्याला एवढाच बोध होतो की घरी परतणारा माणूस धोकादायक असतो. त्यातून वाढलेल्या भीतीने तो आणखी उकरतो.

लोकप्रिय तोडग्यांची गत याहून वाईट आहे. तिखट पसरल्याने डोळे आणि नाक भाजते, आणि पहिल्या पाण्याबरोबर ते वाहून जाते. डांबरगोळ्यांतले नॅप्थलिन पोटात गेल्यास कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. खड्ड्यात त्याचीच विष्ठा भरण्याचा सल्ला तर इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, की तो देणाऱ्याने कधी गोलकृमी आणि अंकुशकृमी यांचे नाव ऐकले नसावे असे वाटते. गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात, अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात, आणि त्याच अंगणात मुले खेळत असतात. शेवटचा तोडगा साखळीचा. प्राण्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. त्यापलीकडे, बांधलेला कुत्रा साखळीच्या टप्प्यात येणारे वर्तुळ निष्ठेने उकरून काढतो, हे कोणत्याही आवारात पाहायला मिळते.

कारण दूर करूनही ज्याची उर्मी उरते, विशेषतः टेरियर, डॅशहंड आणि तरुण कुत्रे, त्याला उकरण्याची हक्काची जागा देणे हा उपाय अनुभवाला उतरलेला आहे, आणि पशुवैद्य व प्रशिक्षक इयन डनबार यांच्यासारख्यांनी तो आवर्जून सांगितला आहे. सावलीच्या कोपऱ्यात साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि हातभर खोल असा हौद आखावा, कडेला विटा किंवा जांभ्याचे चिरे लावावेत, आणि आत माती व वाळू निम्मी-निम्मी मिसळून भरावी, म्हणजे ती घट्टही बसत नाही आणि केसांत चिखलही धरत नाही. पहिल्या दिवशी आवडते खेळणे किंवा चघळायची वस्तू अर्धी वर दिसेल अशी पुरावी, कुत्र्याने ती काढली की कौतुक करावे, दुसऱ्या दिवशी ती पूर्ण झाकावी, मग वीतभर खाली न्यावी, आणि पुढे पुढे कधी असावी, कधी नसावी. बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून मिळाले तर प्राणी त्या जागेचा नाद सहसा सोडत नाही. मटक्याच्या अड्ड्यावर माणसाला खिळवून ठेवणारे तत्त्व हेच. या काळात तो इतरत्र उकरताना दिसला तर ओरडू नये, नेहमीच्या आवाजात हाक मारून हौदाकडे न्यावे आणि तिथे काहीतरी सापडू द्यावे. जुन्या जागा त्याच वेळी अडवाव्या लागतात: वाफ्याच्या मातीखाली दोन बोटांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरली की रोपे तिच्यातून वर येतात पण नखे अडतात, रोपाच्या बुंध्याशी शहाबादी फरशीचे तुकडे किंवा नारळाची सोडणे पसरता येतात, आणि कुंपणाच्या तळाशी जाळी काटकोनात आत वळवून फूट-दीड फूट जमिनीत सपाट गाडली की फाटकाखालचा बोगदा सुरूच होत नाही, कारण कुत्रा कुंपणाला नाक लावून उकरतो आणि एक पाऊल मागे सरून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. रोपे लावायची तेव्हा कुत्र्याला घरात ठेवावे. अंगण नसलेल्या सदनिकांत गादी आणि सोफा उकरणाऱ्या कुत्र्यासाठी मोठा प्लास्टिकचा टब आणि त्यात जुन्या चादरींच्या पट्ट्या, हे याच हौदाचे धाकटे रूप.

उकरता उकरता कुत्रा माती खाऊ लागला तर मात्र हा सारा विचार बाजूला ठेवून आधी त्याच्या हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी न दिसता फिकट दिसल्या तर जंत, किंवा गोचिडांमुळे होणारा ताप यांमुळे रक्त कमी झालेले असण्याची शक्यता असते आणि रक्ततपासणी लांबवू नये. उंदरांच्या मूत्रातून ओल्या मातीत उतरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस उकरणाऱ्या कुत्र्याला दरवर्षी द्यावी, जंताचे औषध साधारण दर तीन महिन्यांनी द्यावे, आणि नखांच्या बेचक्यांत अडकलेली माती रात्री पाय धुताना काढावी. पावसाळ्यात हौदातली वाळू पाणी धरते, म्हणून त्याच्या तळाशी खडीचा थर आणि वर ताडपत्रीचे झाकण हवे. झाकण रात्री इतर महिन्यांतही ठेवावे, नाहीतर आळीतली मांजरे तो हौद दोन दिवसांत आपल्या कामासाठी वापरू लागतात.